कोल्हापूर ते फ्लॉरेन्स

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम होतो. तिथे एक छत्री आहे आणि आत विशीतल्या एका राजाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेपासून ही जागा सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. विमान मध्ये कुठे न थांबता गेले, तर आठेक तासांची वाट.

महाराज १८७० च्या मे महिन्यात निघाले, तेव्हा कोल्हापुरात रेल्वे नव्हती. ती यायला १८९१ उजाडले. पुण्यापर्यंत सडकेने, पुढे बोरघाटातून मुंबईला आगगाडी, तिथून आगबोट. सुएझ कालवा खुला होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. त्याआधी उतारूंना सुएझला उतरून रेल्वेने अलेक्झांड्रियाला जावे लागे आणि तिथे दुसरी बोट धरावी लागे. महाराज जूनमध्ये इंग्लंडला पोहोचले. तिथे त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, पंतप्रधान ग्लॅडस्टन आणि दादाभाई नौरोजी यांना ते भेटले, आणि रोजनिशी लिहीत राहिले. सोबतच्या कॅप्टन वेस्टने ती १८७२ साली छापली.

परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि फ्लॉरेन्समध्ये दुखणे बळावले. ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ते गेले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते, पण तिथे दहनाची रीत नव्हती. तरीही परवानगी मिळाली आणि हिंदू रिवाजाप्रमाणे नदीसंगमावर चिता रचली गेली. छत्री १८७४ ची. आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला.

पुढे वाट झपाट्याने आखडत गेली. १९०२ साली शाहू महाराज इंग्लंडला गेले, तेव्हा कोल्हापुरात स्टेशन होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. महिन्याचा प्रवास दोन दिवसांवर आला. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि तो तासांत मोजला जाऊ लागला.

पण पेठेतल्या माणसाचा प्रवास विमानाच्या तासांत मावत नाही. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, तिसऱ्या राजाराम महाराजांनी उभारलेला. परदेशाचे थेट विमान मात्र तिथून नाही. आधी मुंबई गाठायची, तीन तास आधी विमानतळावर हजर व्हायचे, मग वाटेत कुठेतरी विमान बदलायचे. दार ते दार एक अख्खा दिवस सहज जातो. वेळ खरा खातात ते हे बदल आणि त्यांतले ताटकळणे. १८७० मध्येही तेच होते.

संगमाजवळच्या पुलाला फ्लॉरेन्सकर ‘पोन्ते आल्लिंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात. तो १९७८ साली खुला झाला. फ्लॉरेन्सला जाणाऱ्या कोल्हापूरकरांनी चित्रे, पुतळे जरूर पाहावेत. पण कास्चिने बागेच्या टोकापर्यंत चालत जाऊन महाराजांना मुजरा केल्याशिवाय परतू नये.