बिंबफळाचा चीनप्रवास

संस्कृत काव्य शिकवताना 'बिंबाधर' हा शब्द आला की वर्गातली निम्मी मुले बिंब म्हणजे प्रतिबिंब असेच धरून चालतात. त्यांचा फारसा दोष नाही. बिंब म्हणजे तोंडले, आणि तोंडले आपण कोवळे, हिरवे असतानाच चिरून भाजीत घालतो. वेलीवर विसरलेले, पिकून लालभडक झालेले तोंडले पाहण्याचा योग आता क्वचितच येतो. अमरकोशात या वेलीला 'रक्तफला' म्हटले आहे. मेघदूतातल्या यक्षपत्नीच्या ओठांना कालिदासाने पिकल्या बिंबाची उपमा दिली ती या रंगासाठी. हीच उपमा पुढे चीनमध्ये जाऊन सफरचंदाचे नाव होऊन बसली, ही हकीकत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

बुद्धाच्या देहाच्या शुभलक्षणांत त्याचे ओठ बिंबफळासारखे लाल असल्याचे वर्णन येते. संस्कृत ग्रंथ चिनीत नेणाऱ्या भाषांतरकारांपुढे प्रश्न होता तो या फळाचा. त्यांनी अर्थ न देता ध्वनी दिला आणि दोन अक्षरे लिहिली. त्यांचा आजचा उच्चार 'पिन-पो' असला तरी त्या काळचा 'बिन-बा'च्या जवळ जाणारा होता. मगधराज बिंबिसाराचे नाव चिनी ग्रंथांत याच दोन अक्षरांनी सुरू होते, त्यामुळे मुळाविषयी शंका उरत नाही. परंतु ध्वनीने वाचकाच्या डोळ्यांपुढे फळ कसे उभे राहणार? तांग काळातल्या (६१८–९०७) शब्दार्थ-टीकांनी मग खुलासा केला, की हे फळ आपल्या 'लिनचिन'सारखे, अगदी तेजस्वी लाल असते. लिनचिन हे चीनमधले लहान आकाराचे सफरचंद. टीकाकाराला फक्त रंग सांगायचा होता, पण वाचकांनी फळच बदलून घेतले.

पुढचा साक्षीदार ली शिचेन. १५९६ साली छापल्या गेलेल्या त्याच्या प्रचंड औषधिकोशात 'नाय' या सफरचंदवर्गीय फळाखाली नोंद आहे, की याला संस्कृतात 'पिनपो' म्हणतात आणि उत्तरेकडचे लोकही आता तसेच म्हणतात. म्हणजे भाषांतरकारांचा शब्द एव्हाना बाजारात उतरला होता. १६२१च्या 'छुनफांगपू' या वनस्पतिग्रंथात तो 'पिंगक्वो' असा भेटतो : 'पो' गळाला, त्याच्या जागी फळवाचक 'क्वो' आला. १८७१च्या सुमारास जॉन नेव्हियस या अमेरिकन मिशनऱ्याने शांतुंगमधल्या यंथायला पाश्चात्त्य सफरचंदांची रोपे आणली आणि हे तयार नाव त्या मोठ्या, रसाळ फळालाही मिळाले. दक्षिणेत क्वांगतुंगमध्ये तर हेच नाव लाल शेंगांच्या, भाजून खायच्या बियांच्या एका निराळ्याच वृक्षाला चिकटले आहे. लाल दिसले की बिंब, असा जणू न्याय!

शब्द वस्तूबरोबर प्रवास करतात असे आपण सहज म्हणतो. चहा किंवा बटाटा यांच्या बाबतीत ते खरेही आहे. इथे मात्र फळ भारतातच राहिले, निघाली ती फक्त उपमा, तीही पोथीतून; आणि त्या रिकाम्या नावाला अर्थ पुरवला तो एका तळटीपेने. तळटिपा वगळून वाचणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा.

शेजाऱ्यांनी हे बिंब घेतले नाही. जपानी 'रिंगो' आणि कोरियन 'नुंगगुम' हे दोन्ही लिनचिनचेच वंशज. कोरियात आज रुळलेला 'साग्वा' शब्दशः 'वाळूफळ' आहे. व्हिएतनामची तऱ्हा आपल्याला सर्वांत जवळची वाटावी. तिथला 'ताओ' मुळात बोरवर्गातल्या फळाचे चिनी नाव. म्हणून 'आपला ताओ' म्हणजे चक्क आपले बोर, आणि 'पश्चिमेचा ताओ' म्हणजे सफरचंद. दक्षिण व्हिएतनामात फ्रेंच 'पोम'वरून 'बोम' असेही म्हणतात.

आणि खुद्द तोंडले? त्याची वेल दक्षिण चीनमध्येही वाढते. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ तिला 'होंगक्वा' म्हणतात. होंग म्हणजे लाल, आणि क्वा म्हणजे काकडी-भोपळ्याच्या जातीचे कोणतेही वेलफळ.