सज्ज्याला तेल कधी पाजायचं?

माझ्या पीएचडीचा विषय मराठवाड्यातली माळवदाची घरं, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचं छत असलेली. लोक मात्र भलतंच विचारतात. अंबाजोगाईजवळच्या एका गावात काकांनी वाड्याचा उघडा सज्जा ऐन श्रावणात नव्या सागवानी फळ्यांनी बांधून घेतला. सुतार म्हणाला, उद्याच व्हार्निश मारतो. काका माझ्याकडे वळले, "तुम्ही जुन्या लाकडावर अभ्यास करता ना? मग सांगा, मारू द्यायचं का?"

मी नको म्हटलं. कारण सांगायला मात्र थेट शेतात जावं लागतं.

आपल्याकडे लाकडाला तेल 'पाजतात'. शब्दातच कृती आहे बघा: तेल वर बसायचं नाही, आत जायचं. ओल्या लाकडात पाण्यानं जागा अडवलेली असते, तेल शिरणार कुठून? वरून व्हार्निशचा पापुद्रा चढवला तर ओल आतच कोंडते, पापुद्रा फुगतो आणि खाली लाकूड कुजायला लागतं.

सगळी तेलं या कामाची नाहीत. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि ते घट्ट होतं. करडईचं तेलही वाळतं, पण सावकाश. शेंगदाण्याचं चिकटच राहतं, धूळ धरतं. आता जवस आणि करडई ही दोन्ही आपल्याकडची रब्बीची पिकं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, मग घाणा. म्हणजे ताजं तेल घरात येतं तेव्हाच बीडची हवा कोरडी होत जाते, आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेल तयार, लाकूड सुकं, मृगाला अजून अवकाश. हा मेळ जुन्या सुतारांच्या नजरेतून सुटला असेल असं मला तरी वाटत नाही.

तेलात गेरू कालवला तर आणखी बरं. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन मोडतात, म्हणून उघडी फळी करडी पडते. नुसतं तेल ते थांबवू शकत नाही, रंगाचे कण बरंच अडवतात.

एवढी काळजी एका सज्ज्यासाठी? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती आणि वरचं दोन-अडीच फूट मातीचं ओझं माणसांवर आलं, आणि माळवद म्हणजे मरण असंच लोकांच्या मनात बसलं. पण जिथे खणाचा, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती ढासळूनही छत उभं राहिल्याची उदाहरणं आहेत. काकांचा सज्जा त्याच तुळयांच्या टोकांवर टेकलाय. तिथे ओल मुरली तर प्रश्न दिसण्यापुरता उरत नाही. (वाळवीचा बंदोबस्त वेगळा; तेल हे त्यावरचं औषध नव्हे.)

मग काकांना सांगितलं ते असं. फळीवर पाण्याचे थेंब टाका. मोत्यासारखे उभे राहिले तर थांबा, शोषले गेले तर लाकूड तयार. आधी रंधलेली गुळगुळीत फळी पॉलिश पेपरनं जरा खरबरीत करा. दुकानातलं बेलतेल चालेल. हात सकाळी, सावलीत द्या. तापल्या फळीवर तेल वरच आळतं. पातळ हात, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून घ्या, दोन दिवसांनी दुसरा. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा, नाहीतर दोरीवर मोकळी पसरा.

काकांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर पोरीचं लग्न, तोवर सज्जा कोराच?"

"थेंब शोषले नाहीत तर कोराच, काका."