कागदांची पिशवी

ह्यांच्या आजारपणात एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाताना रिपोर्टांची पिशवी मी जिवापाड जपत असे. एक कागद हरवला आणि सगळी तपासणी पुन्हा करावी लागली! वाटे, अमेरिकेत असे होत नसेल.

तिथेही होत होते. २००९ च्या कायद्याने दवाखान्यांना संगणकावर नोंदी ठेवायला सरकारी पैसा मिळाला. पण एका दवाखान्याच्या नोंदी दुसऱ्याला मिळेनात. उपराष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचा मुलगा बो २०१५ मध्ये मेंदूच्या कर्करोगाने गेला. त्याच्या नोंदी एकीकडून दुसरीकडे पोचवताना त्यांनाही अडचणी आल्या होत्या.

डिसेंबर २०१६ मध्ये 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स' कायदा झाला. संशोधनासाठी दहा वर्षांत ४८० कोटी डॉलर, आणि रुग्णाची माहिती अडवून ठेवायला बंदी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेने, पाठिंबा दिला. नव्या औषधांच्या घाईत पुराव्याची कसोटी सैल होईल, असे काही डॉक्टरांनी बजावलेही.

एप्रिल २०२१ पासून माहिती न अडवण्याचा नियम लागू झाला. मग डॉक्टरांना नवीच काळजी लागली. कर्करोगाचा रिपोर्ट त्यांनी समजावून सांगण्याआधीच रुग्णाला फोनवर दिसू लागला.

हे वाचून मी जरा थांबले. पिशवीतला एक कागद मी ह्यांना शेवटपर्यंत दाखवला नव्हता. मायेपोटीच. पण कागद त्यांचा होता, माझा नव्हे.