करडईची लाली

पौष सरूं लागला म्हणजे बीड जिल्ह्यांतील काळ्या रानांत करडई फुलते. पाऊस केव्हांच सरलेला असतो. जमिनींत खोल गेलेल्या सोटमुळाच्या आधारानें हें कांटेरी झाड उरल्यासुरल्या ओलीवर तग धरतें. शेतकऱ्याचें लक्ष बियांकडे, म्हणजे तेलाकडे असतें. फूल आधीं पिवळें, मग केशरी आणि कोमेजतां कोमेजतां तांबडें होतें, तें कोणी फारसें पाहत नाहीं. एके काळीं मात्र ह्या झाडाची किंमत त्या सुकत चाललेल्या पाकळ्यांवरून होत असे. आणि ती देणारांत गालांना लाली लावणाऱ्या स्त्रियाही होत्या.

करडई म्हणजे संस्कृत ग्रंथांतील कुसुंभ. अमरकोशांत त्याला महारजन असेंही नांव आहे. रजन म्हणजे रंगविणारें. कुसुंबी लुगड्याचा रंग तो हाच. पाकळींत दोन रंग असतात. पिवळा पुष्कळ असतो व पाण्यांत सहज विरघळतो; तांबडा शेंकडा एकाहूनही कमी आणि साध्या पाण्याला न बधणारा. म्हणून रंगारी पाकळ्या धुवून धुवून पिवळा घालवीत, मग सज्जीखाराच्या पाण्यांत तांबडा उतरवीत, आणि त्यांत लिंबू पिळलें कीं तो कापडावर बसे. तोच रंग शंखजिऱ्याच्या मऊ भुकटींत घोटला म्हणजे युरोपांतील स्त्रियांची लाली होई. जपानांत तो ‘बेनी’ ह्या नांवानें चिनी मातीच्या वाटींत सारवून ठेवीत. वाळल्यावर तो हिरवा झळके, आणि ओला कुंचला लागतांच लाल होई!

ह्या लालीचा गुण तिच्या विरळपणांत होता. शिशाचा सफेता चेहरा झांकून टाकी, आणि अंगांत भिनून अपाय करी तो वेगळाच. करडईचा रंग पातळ लाविला असतां कातडीचा मूळ वर्ण खालून दिसत राही; सांवळ्या गालावर सांवळेपणासकट तजेला उमटे.

एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या बाजारांत ढाक्याच्या करडईच्या फुलांना विशेष मान होता. इंग्रजी कचेऱ्यांतील कागद बांधण्याची लाल फीतही ह्याच रंगांत बुडवीत. म्हणजे लोक ज्या लाल फितीला कंटाळतात, तिचें माहेर करडईच्या शेतांत निघतें. पुढें १८५६ सालीं विल्यम पर्किननें डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग काढला, व पाठोपाठ तांबडेही निघाले. करडईचा रंग उन्हांत विटतो. कापडाला हा मोठा दोष. गालाला मुळींच नाहीं, कारण तेथला रंग रात्रीं धुवावयाचाच असतो. पण पाकळ्या वेंचण्याचा धंदा मुख्यतः कापडावर उभा होता. तो बसला, तशी लालीही मागें पडली.

मराठी घरांत तेल, हरभऱ्याचें पीठ, हळद आणि साय एवढ्यावर चेहऱ्याची तुकतुकी राखीत. त्या सामग्रींत गोरेपणाचें आश्वासन फारसें नव्हतें. तें बाटलीबरोबर आलें. १९१९ सालीं मुंबईंत पाटणवाला ह्यांनीं ‘अफगाण स्नो’ काढला, आणि नांवाप्रमाणेंच बर्फासारखें पांढरें मलम शहरांतील आरशापुढें येऊन बसलें. गोरेपणाचा हव्यास पुढें इतका वाढला कीं, कांहीं नांवगांव नसलेल्या स्वस्त मलमांत पारा सांपडूं लागला. पारा कातडींतील रंग तयार होऊं देत नाहीं. पण तोच मूत्रपिंडें बिघडवितो. भारत सरकारच्या २०२० च्या नियमांनीं त्वचेच्या प्रसाधनांत दहा लाख भागांत एका भागाहून अधिक पारा चालत नाहीं. तरीही चोरटा माल खपतोच, कारण त्याचा परिणाम आठवड्यांत दिसतो आणि दुखणें मागाहून कळतें.

करडईची अडचण कांट्यांची होती. फलटणच्या निंबकर संस्थेनें बिनकांट्याचें वाण काढल्यापासून पाकळ्या हातांनीं वेंचणें सोपें झालें आहे. शिवाय त्या कोमेजल्यावर काढल्या तर बियांचें नुकसान होत नाहीं. म्हणजे एकाच झाडापासून अंगाला तेल आणि गालाला रंग दोन्ही मिळूं शकतात. मराठवाड्यांत मात्र सोयाबीन आणि हरभऱ्यापुढें करडईचीं शेतें आकसत आलीं आहेत, आणि जीं उरलीं आहेत त्यांतल्या बहुतेक पाकळ्या बोंडावरच वाळून झडतात.