सार्वत्रिक निवडणूक, भारतातील पहिली : पूर्वतयारी

स्वतंत्र भारतातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात झाले. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी आणि त्याचबरोबर राज्यांच्या विधानसभांसाठी ही निवडणूक घेण्यात आली. जम्मू व काश्मीर वगळता १७ कोटी ३२ लाखांहून अधिक मतदारांची नोंद झाली होती. मतदान चार महिन्यांत पार पडले. त्याची तयारी मात्र संविधान अंमलात येण्यापूर्वीच सुरू झाली होती.

ब्रिटिश अमदानीतील १९३५ च्या कायद्यान्वये मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण इ. पात्रतांवर अवलंबून असे व मतदारसंघही धर्मवार विभागलेले होते. त्यामुळे जुन्या याद्यांत दुरुस्ती करून भागण्यासारखे नव्हते. संविधानसभेने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व स्वीकारल्यावर तिच्या सचिवालयाने संविधान-सल्लागार बी. एन. राव यांच्या देखरेखीखाली १९४८ पासून प्रांतांकडून व संस्थानांकडून प्रारूप याद्या तयार करवून घेण्यास आरंभ केला. फाळणीमुळे विस्थापित झालेल्यांना वास्तव्याची अट पुरी करणे अशक्य होते. म्हणून त्या ठिकाणी कायम राहण्याचा इरादा त्यांनी जाहीर केल्यास तेवढ्यावर नाव नोंदविण्याची मुभा देण्यात आली. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२५ ने सर्वधर्मीयांसाठी एकच यादी व अनुच्छेद ३२६ ने २१ वर्षांवरील नागरिकांचा मताधिकार निश्चित केला.

निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५० च्या कायद्याने जागावाटप व मतदारयाद्या यांची, तर १९५१ च्या कायद्याने प्रत्यक्ष निवडणुकीची व्यवस्था लावून दिली. लोकसभेचे ४०१ मतदारसंघ आखण्यात आले. त्यांपैकी ८६ द्विसदस्य व एक त्रिसदस्य होता.

१९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्केच होते. मतदानाची पद्धत या वस्तुस्थितीवरून ठरली. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवून तीवर त्याचे चिन्ह लावण्यात आले; मतदाराने कोरी मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकावयाची, कोणतीही खूण करावयाची नाही. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचा वटवृक्ष, जनसंघाची पणती ही चिन्हे अशीच रूढ झाली. या पद्धतीमुळे लक्षावधी पोलादी पेट्या बनवाव्या लागल्या. मतपत्रिका नाशिकच्या सरकारी सुरक्षा मुद्रणालयात छापण्यात आल्या. तोतया मतदान रोखण्यासाठी बोटाला न पुसली जाणारी शाई लावण्यात आली. हिमाचल प्रदेशातील चिनी व पांगी भागांत हिमवर्षावापूर्वीच मतदान उरकण्यात आले.

याद्यांच्या कामातील सर्वांत मोठी उणीव स्त्रियांच्या नोंदणीत दिसून आली. मुख्यत्वे उत्तरेकडील राज्यांत अनेक स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले आणि त्यांची नोंद ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ अशी झाली. नावाखेरीज मतदाराची ओळख ग्राह्य धरता येत नाही, अशी भूमिका आयोगाने घेतली. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळली गेली. संविधानाने दिलेला हक्क यादीअभावी त्यांना बजावता आला नाही. पडद्याची चाल असलेल्या भागांसाठी स्त्रियांच्या स्वतंत्र मतदानकक्षांची सोय होती. तथापि यादीत नाव नसलेल्यांना तिचा उपयोग नव्हता. नाव सांगण्याचा आग्रह त्या वेळी कठोर ठरला, तरी त्यामुळे स्त्रीची कायद्यापुढील ओळख तिच्या स्वतःच्या नावाशी जोडली गेली. १९५७ च्या निवडणुकीपर्यंत ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली.

नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांनी मतदान केले. स्वतंत्र पेट्यांची पद्धत १९५७ नंतर मागे पडून मतपत्रिकेवर खूण करण्याची पद्धत आली. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ मध्ये रद्द झाले आणि मतदाराचे किमान वय १९८९ मध्ये १८ वर्षे झाले. साधने अशी बदलत गेली, तरी धर्म, जात वा संपत्ती न पाहता केलेली एकच यादी हा या व्यवस्थेचा पाया कायम राहिला. प्रौढ मताधिकाराचे तत्त्व संविधानाने घोषित केले. ते व्यवहारात उतरविण्याचे श्रेय मात्र दारोदार फिरून नावे लिहून घेणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यांकडेही जाते.