ग्योटिंगेन, इ. स. १८३७ : शपथ, राजसत्ता आणि सात प्राध्यापक

प्रस्तावना

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक फ्रान्झ कीलहॉर्न पुढे ज्या ग्योटिंगेन विद्यापीठात गेले आणि ज्याने १८८५ मध्ये डॉ. रा. गो. भांडारकर यांना सन्माननीय पीएच.डी. प्रदान केली, ते विद्यापीठ महाराष्ट्रातील अभ्यासकांस अपरिचित नाही. या छोट्या जर्मन विद्यापीठनगरीने १८३७ च्या सप्टेंबरात विद्यापीठाची शताब्दी साजरी केली. डिसेंबरात तेथील सात प्राध्यापक बडतर्फ झाले.

घटनाक्रम

२० जून १८३७ रोजी चौथा विल्यम निधन पावला. हानोव्हरच्या वारसा नियमानुसार पुरुष वारस असताना स्त्रीस गादी मिळत नसे. म्हणून व्हिक्टोरिया ब्रिटनची राणी झाली, तर हानोव्हरचे राज्य तिचा काका अर्न्स्ट ऑगस्ट याच्याकडे गेले. १ नोव्हेंबरला त्याने १८३३ ची राज्यघटना रद्द केली आणि राज्यसेवकांना घटनेच्या शपथेतून मुक्त केले. प्राध्यापकही राज्यसेवकच होते.

१८ नोव्हेंबरच्या निषेधपत्राचा मसुदा इतिहासकार डालमान यांचा होता. त्यावर त्यांच्यासह विधिज्ञ आल्ब्रेख्त, याकोब व विल्हेल्म हे ग्रिम बंधू, इतिहासकार गेर्विनुस, प्राच्यविद्यापंडित एवाल्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांनी स्वाक्षऱ्या केल्या. विद्यार्थ्यांनी प्रती काढून पत्र सर्वदूर पोहोचविले. डिसेंबरात सातही जणांना पदच्युत करण्यात आले. डालमान, याकोब ग्रिम व गेर्विनुस यांना तीन दिवसांत राज्य सोडावे लागले. सीमेपलीकडील विट्झेनहाउझेन गावी त्यांना निरोप देण्यास विद्यार्थी जमले होते.

मूल्यमापन

या पत्रात बंडाचे आवाहन नव्हते. घेतलेली शपथ राजाच्या एकतर्फी आज्ञेने सुटत नाही आणि शपथेशी खेळणाऱ्या शिक्षकाचा विद्यार्थ्यांवर नैतिक प्रभाव राहत नाही, एवढीच त्यातील भूमिका होती. तरीही बहुसंख्य प्राध्यापक मौन राहिले. विख्यात गणितज्ञ गाउस यांनीही स्वाक्षरी केली नाही. वस्तुतः एवाल्ड त्यांचे जामात, तर वेबर १८३३ च्या तारयंत्र प्रयोगातील सहकारी होते. डिसेंबरात आणखी सहा प्राध्यापकांनी सातांच्या भूमिकेस आपला विरोध नसल्याचे जाहीर केले. त्यांच्यावर कारवाई झाली नाही.

या घटनेकडे केवळ उदारमतवादाचा विजय वा पराजय म्हणून पाहणे अपुरे ठरते. डालमान, आल्ब्रेख्त, गेर्विनुस व याकोब ग्रिम १८४८ मध्ये फ्रँकफर्टच्या राष्ट्रसभेत बसले, हे खरे. परंतु एवाल्ड यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. पुढे ते ग्योटिंगेनला परतले. १८६६ मध्ये प्रशियाने हानोव्हर खालसा केल्यावर प्रशियाच्या राजाशी निष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला आणि १८६७ मध्ये पुन्हा पद गमावले. ज्या राजघराण्याने त्यांना एकदा हाकलले होते, त्याच घराण्याशी असलेली शपथ मोडण्यास ते तयार नव्हते.

समारोप

सारांश, १८३७ मध्ये ग्योटिंगेनमध्ये पणास लागला तो अध्यापकाच्या शब्दाचा अर्थ. सातांनी त्याची किंमत चुकविली. उरलेल्यांची आसने सुरक्षित राहिली. विद्यापीठाने आपल्या इतिहासात आज अभिमानाने मिरविलेली नावे मात्र त्या सातांचीच आहेत.