भिंतीतला फेस

धनगराची घोंगडी थंडी थोपवते ती लोकरीच्या जाडीमुळे, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः हे काम करते ती लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा. गवताने शाकारलेल्या छपराखाली वैशाखातही बसवते, त्याचे मर्म हेच. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक होय. मात्र ती वाहू लागली की तीच उष्णता उचलून नेते. म्हणून घर उबदार किंवा गार राखण्याची माणसाची खटपट ही पुष्कळ अंशी हवा कोंडून ठेवण्याची खटपट ठरते. विसाव्या शतकात रसायनशास्त्राने त्यासाठी एक नवे साधन दिले. द्रवरूपात फवारावयाचा आणि भिंतीवर पोचताच फुगून घट्ट होणारा असा हा फेस. त्याचा इतिहास जितका शोधाचा आहे, तितकाच घरमालकाच्या विश्वासाचाही आहे.

या इतिहासाचे मूळ १८४९ सालापर्यंत मागे नेता येते. त्या वर्षी फ्रान्समधील आडोल्फ व्युर्त्स यांनी आयसोसायनेट नावाच्या द्रव्यांचा शोध लावला. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे या द्रव्यांकडे उद्योगधंद्याचे फारसे लक्ष गेले नाही. १९३५ साली अमेरिकेत कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन निर्माण झाले आणि त्याला तोडीस तोड असा धागा शोधण्याची निकड जर्मनीला भासू लागली. लेव्हरकुझेन येथे ऑटो बायर आणि त्यांचे सहकारी या कामास लागले. १९३७ साली त्यांनी आयसोसायनेट आणि पॉलिऑल यांच्या संयोगाने पॉलियुरेथेन तयार केले. त्याच्या नमुन्यांत मधूनच बुडबुडे दिसत. आयसोसायनेटचा ओलाव्याशी संबंध आला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि घट्ट होत असलेल्या द्रव्यात तो अडकून राहतो. परीक्षकांपैकी कोणी तरी, हा पदार्थ फार तर भोकाभोकांच्या स्विस चीजची नक्कल करण्यास उपयोगी पडेल, असा शेरा मारल्याचे सांगतात. ज्याला दोष म्हणून हसले गेले, तोच पुढे त्या पदार्थाचा गुण ठरला. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या भागांसाठी कठीण फेसाचा उपयोग झाला. युद्धानंतर शीतकपाटांच्या आणि शीतगृहांच्या भिंतींत त्याला कायमचे स्थान मिळाले.

जागच्या जागी फवारण्याची युक्ती त्यानंतर रुळली. दोन पिंपांतील दोन द्रव तापविलेल्या स्वतंत्र नळ्यांतून येतात, फवारणीच्या बंदुकीच्या तोंडाशी एकत्र मिसळतात आणि काही क्षणांत अनेक पटींनी फुगतात. एका पिंपात आयसोसायनेट असते. दुसऱ्यात पॉलिऑल, क्रिया वेगाने घडविणारी द्रव्ये, ज्वालारोधक आणि फुगविणारे द्रव्य. फेसाच्या पेशी उघड्या राहिल्या, तर तो मऊ आणि हलका होतो व त्यातून बाष्प जाऊ शकते. पेशी बंद राहिल्या, तर तो कठीण होतो, बाष्पाला मोठ्या प्रमाणात अडवतो आणि त्यात कोंडलेला वायू हवेपेक्षाही मंद वाहक असल्यामुळे सारख्याच जाडीत अधिक रोध करतो. शिवाय हा फेस फटीफटींत शिरून हवेच्या चोरवाटा बुजवतो. कापूस किंवा काचतंतूंच्या गादीला हे साधत नाही.

तथापि, भिंतीत भरावयाचा फेस घरोघरी वादाचा विषय झाला तो या पॉलियुरेथेनमुळे नव्हे. १९७३ सालच्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत तेलाचे भाव सुमारे चौपट झाले. कॅनडासारख्या देशात हिवाळ्यात घर तापविणे हा जगण्याचाच प्रश्न असतो. तेथील हजारो जुन्या घरांच्या भिंती आतून पोकळ होत्या. १९७७ साली तेथील सरकारने घरे उष्णतारोधक करून घेण्यासाठी अनुदान देऊ केले. भिंत न फोडता, बाहेरून लहान भोके पाडून आत भरता येईल असा स्वस्त पदार्थ तयारच होता. तो म्हणजे युरिया-फॉर्माल्डिहाइडचा फेस. दाढीच्या साबणासारखा दिसणारा हा फेस यंत्राने पोकळीत सोडला जाई आणि थोड्याच वेळात घट्ट होई. सुमारे एक लाख घरांच्या भिंतींत तो भरला गेला.

हा फेस घरातच जन्मास येत असल्यामुळे त्याची प्रत कारखान्यात नव्हे, तर फवारणाऱ्याच्या हातावर ठरत असे. मिश्रणाचे प्रमाण चुकले, हवा दमट असली, तर फॉर्माल्डिहाइड वायू अधिक सुटे. रहिवाशांकडून डोळ्यांची आग, घशाची खवखव आणि डोकेदुखी यांच्या तक्रारी येऊ लागल्या. डिसेंबर १९८० मध्ये कॅनडाने या फेसावर बंदी घातली. ज्या सरकारने घर सुधारण्यास उत्तेजन दिले होते, तेच आता भिंतीतील वस्तू धोक्याची असल्याचे सांगत होते. घरांच्या किमती उतरल्या. कित्येकांनी पदरमोड करून भिंती उकरल्या. सरकारलाही त्यासाठी साहाय्य द्यावे लागले. घर विकताना भिंतीत हा फेस आहे किंवा नाही, हे लिहून देण्याची प्रथा तेथे पुढे कित्येक वर्षे टिकली.

यानंतरचा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. अमेरिकेत १९८२ साली घातलेली बंदी पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी रद्द केली. क्वेबेकमध्ये घरमालकांनी लावलेला दावा अनेक वर्षे चालला. १९९१ साली तो फेटाळण्यात आला आणि १९९५ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. फेस भरल्यानंतर सुटणारा वायू काही काळातच पुष्कळ ओसरतो आणि जुन्या फेसाच्या घरांतील त्याचे प्रमाण इतर घरांहून फारसे वेगळे नसते, असे मोजमापांतून दिसून आले होते. म्हणून फॉर्माल्डिहाइड निरुपद्रवी ठरले, असे मात्र नव्हे. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केली. धोका द्रव्याच्या नावावरून ठरत नाही. ते किती प्रमाणात आणि किती काळ श्वासात गेले, यावरून तो ठरतो. परंतु हा विवेक सिद्ध होईपर्यंत हजारो कुटुंबांनी आपल्याच भिंतींकडे संशयाने पाहत वर्षे काढली.

बाजारात पुढे पॉलियुरेथेनचा फवारा प्रबळ झाला. त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. हा फेस फुगविण्यासाठी वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन वातावरणातील ओझोनचा थर नष्ट करू शकतात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवून दिले होते. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर एकामागून एक अशी ही द्रव्ये बदलत गेली. भारतही या बदलात मागे राहिला नाही. फेस उद्योगात वापरले जाणारे एचसीएफसी-१४१बी भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केले.

भारतीय श्रोत्याला ‘आयसोसायनेट’ हा शब्द ऐकताच २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्या दरम्यानची भोपाळची रात्र आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे सुटलेला मिथिल आयसोसायनेट हा याच कुळातला. पण तो कीटकनाशकासाठी साठविलेला होता आणि सुमारे ३९ अंशांवरच उकळणारा होता. फवाऱ्यात वापरले जाणारे आयसोसायनेट सहजासहजी वाफ होऊन उडत नाही. परंतु फवारताना त्याचे सूक्ष्म तुषार श्वासात गेले, तर दमा जडू शकतो. म्हणूनच फवारणारा माणूस मुखवटा आणि अंगभर पोशाख घालतो आणि घरातील मंडळींना त्या काळात बाहेर राहण्यास सांगितले जाते. फेस नीट घट्ट झाल्यावर तो बहुतांशी निष्क्रिय होतो. मिश्रण बिघडले तर मात्र उग्र वास रेंगाळतो. शिवाय हा फेस पेट घेऊ शकतो. म्हणून राहत्या खोलीच्या बाजूने त्यावर जिप्समच्या फळ्यांसारखे आच्छादन घालणे आवश्यक असते.

एवढे ज्ञान हाताशी असूनही कॅनडाची गोष्ट वेगळ्या रूपाने पुन्हा घडली. ब्रिटनमध्ये पुष्कळ घरमालकांनी छपराच्या लाकडी वाशांवर आतून हा फेस फवारून घेतला. घराच्या आतील दमट हवा थंड लाकडापाशी पोचून तेथे ओल धरली, तर लाकूड कुजू लागते. वासे फेसाखाली झाकले गेल्यामुळे ही कूज तपासणाऱ्याला दिसत नाही. २०२० नंतरच्या वर्षांत तेथील अनेक कर्जसंस्था अशा घरांवर कर्ज देण्यास नकार देऊ लागल्या. घर विकावयास निघालेल्या वृद्ध मालकांना फेस भरण्यासाठी दिलेल्या पैशांच्या जोडीला तो खरवडून काढण्याचाही खर्च सोसावा लागला. यातही दोष केवळ द्रव्याचा नव्हता. छपराची ओल, हवेचा मार्ग आणि लाकडाची स्थिती यांचा विचार अनेक ठिकाणी आधी झाला नव्हता.

भारतात हा फेस शीतगृहांत, पत्र्याच्या गोदामांवर आणि क्वचित गच्चीवर दिसतो. घरांतील उष्णतेचा विचार करणारी ‘इको निवास संहिता’ २०१८ साली प्रसिद्ध झाली आहे आणि उन्हाळे कडक होत आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्याही उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. गवताचे छप्पर दर पावसाळ्यापूर्वी उतरवून पुन्हा शाकारता येत असे आणि त्या निमित्ताने वासाही पाहिला जाई. फेसाच्या बाबतीत ही सोय नाही. एकदा चिकटला की तो सहजी निघत नाही आणि आपल्यामागे काय चालले आहे, तेही दिसू देत नाही. म्हणून तो कोणता, कोणाच्या हातून आणि कोणत्या भिंतीवर, हे तीन प्रश्न फवारणीपूर्वीच विचारले गेले पाहिजेत. कॅनडातील आणि ब्रिटनमधील गृहस्थांना ते विचारावयाचे सुचले, तेव्हा फेस भिंतीत घट्ट झालेला होता.